दोन्हीकडे शिकले म्हणून लिहिते: दोन इंजिनिअरिंग विद्यापीठांचा अभिप्राय

मेकॅनिकलच्या पदवीची पहिली दोन वर्षं मी एका विद्यापीठात काढली आणि नंतरची अडीच दुसऱ्यात. म्हणजे चार वर्षांची पदवी साडेचार वर्षांत घेतली. ते अर्धं वर्ष कुठे गेलं तेही पुढे सांगते. दोन्ही विद्यापीठांची नावं मुद्दाम लिहीत नाही. एकाबद्दल माझ्या तक्रारी आहेत, दुसऱ्याबद्दलही आहेत, आणि वाचणाऱ्याला नावांपेक्षा फरक नेमका कशात होता हे कळलं तर जास्त उपयोग होईल. सोयीसाठी एकाला मोठं म्हणते, दुसऱ्याला लहान. मोठ्यात माझ्या ब्रँचला पहिल्या वर्षी तीनशेच्या आसपास मुलं होती, लहानात साठ.

अठराव्या वर्षी दोन्हीकडची प्रवेशाची पत्रं एकाच आठवड्यात हातात पडली. मी दहा मिनिटांत मोठं निवडलं. विद्यापीठांच्या जागतिक क्रमवारीच्या यादीत त्याचं नाव होतं, लहानाचं नव्हतं, एवढ्यावर निर्णय झाला. आज मी पंपांच्या चाचणी विभागात काम करते. दरवर्षी नवे इंजिनिअर हाताखाली येतात, आणि कोण कुठे शिकलंय यापेक्षा कसं शिकलंय हे पहिल्या आठवड्यात दिसून येतं. त्यामुळे हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

मोठ्या विद्यापीठाचं आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्स (द्रव आणि वायू कसे वाहतात त्याचा विषय) शिकवणाऱ्या प्राध्यापिकेसारखं शिकवताना मी नंतर कोणालाच पाहिलं नाही. प्रवाहाचा दाब आणि वेग यांचं नातं सांगणारं बर्नुलीचं समीकरण लिहायच्या आधी त्यांनी फळ्यावर चार गृहीतकं लिहिली: प्रवाह स्थिर, घर्षण नाही, घनता बदलत नाही, एकाच स्ट्रीमलाइनवर, म्हणजे एकाच प्रवाहरेषेवर. मग वर्षभर प्रत्येक गणिताला त्या फळ्याच्या त्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारायच्या, ‘यातलं इथे काय मोडलं?’ ती सवय मला अजून पुरते आहे. ग्रंथालय रात्रभर उघडं असे. चौथ्या वर्षाला निवडायला चाळीसेक इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक विषय, होते आणि ते खरोखर शिकवले जायचे. सोबतची मुलं इतकी हुशार होती की वसतिगृहात रात्री अकरा वाजता कोणीतरी जिन्यात बसून डिफरन्शिअल इक्वेशन समजावून सांगत असायचं. गणिताचा आणि थिअरीचा पाया पक्का झाला तो तिथे, हे मी कधीच नाकारणार नाही.

अडचण प्रॅक्टिकलला होती. पंपाचा प्रयोग मला आजही जसाच्या तसा आठवतो. सेंट्रिफ्यूगल पंपाचा एक संच आणि त्याभोवती आम्ही चौदा जण. पुढच्या चौघांना दाब दाखवणारा गेज दिसायचा, मागच्यांना पुढच्यांच्या पाठी. व्हॉल्व्ह फिरवायचे ते साहाय्यक, रीडिंग सांगायचे तेही तेच, आणि आम्ही तक्त्यात लिहून घ्यायचो. दीड तासात प्रयोग आटोपायचा. जर्नल दोन आठवड्यांनी द्यायचं, ते सहा आठवड्यांनी परत यायचं, प्रत्येक पानावर बरोबरची एक खूण आणि शेवटी सही. कॅव्हिटेशनवर परीक्षेत प्रश्न आला होता. द्रवाचा दाब त्याच्या बाष्पदाबाइतका खाली गेला की बुडबुडे होतात, जास्त दाबाच्या भागात ते फुटतात, इम्पेलर (पंपातलं फिरणारं पात्यांचं चाक) खराब होतो, असं सगळं मी लिहिलं आणि दहापैकी नऊ गुण मिळाले. तोपर्यंत कॅव्हिटेशन होणारा पंप मी ऐकलेलाही नव्हता.

तो ऐकला लहान विद्यापीठात, तिसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात. संच जुना होता, रंग उडालेला, पण आम्ही त्याच्यावर तिघंच होतो. सरांनी डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी बाहेर जाण्याच्या बाजूचा, व्हॉल्व्ह तसाच ठेवायला सांगितला आणि पाणी आत येण्याच्या बाजूच्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवून मला म्हणाले, ‘सक्शनचा हळूहळू बंद करत जा, आणि काही झालं तरी लगेच हात काढू नकोस.’ मी अर्धा वळसा दिला, काही नाही. आणखी अर्धा, गेजचा काटा थोडा खाली आला. आणखी पाव वळसा दिला आणि पंपातून खडी फिरत असल्यासारखा आवाज यायला लागला. काटा थरथरत होता, व्हॉल्व्हच्या चाकातून ती थरथर माझ्या मनगटापर्यंत येत होती. मी घाबरून सरांकडे बघितलं. ते शांतपणे म्हणाले, ‘आत खडी आहे का?’ मी म्हटलं, नाही. ‘मग काय वाजतंय?’ त्या पंधरा-वीस सेकंदांत मला तो सगळा धडा समजला, ज्यावर मला आधीच नऊ गुण मिळालेले होते. खोलीच्या तापमानाला पाण्याचा बाष्पदाब जेमतेम २.३ किलोपास्कल असतो. वातावरणाचा दाब शंभराच्या वर. आतला दाब इतका खाली कसा गेला, हे मग आम्ही तिघांनी तिथेच फरशीवर खडूने मांडून काढलं.

आज कामावर पंपाचा तो आवाज मला दाराबाहेरून ओळखू येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा व्हॉल्व्हवर माझाच हात होता, त्याचाच हा परिणाम आहे.

दुसरी गोष्ट त्याच प्रयोगाच्या रिपोर्टची. मी पंपाची कार्यक्षमता ६१.३७४२ टक्के लिहिली होती, कॅल्क्युलेटरने दिली तशी. रिपोर्ट चार दिवसांनी परत आला. त्या आकड्याभोवती लाल गोल आणि समासात एक वाक्य: ‘हे चार दशांश कुठून आले?’ मी जाऊन विचारलं. सरांनी मला परत गेजपाशी नेलं आणि त्याच्यावरचा सर्वांत लहान भाग वाचायला लावला. ०.१ बार (बार हे दाबाचं माप). माझं रीडिंग १.४ बार. अर्धा भाग इकडे-तिकडे वाचला गेला तर साडेतीन टक्क्यांचा फरक तिथेच पडतो, आणि मी टक्क्याचा दहा हजारावा भाग लिहून मोकळी झाले होते. याच सवयीने लिहिलेली जर्नलं मोठ्या विद्यापीठात दोन वर्षं परत येत होती, बरोबरची खूण घेऊन. कुणी वाचलीच नव्हती, असं मी म्हणणार नाही. तीनशे मुलांची जर्नलं तपासणाऱ्या त्या बिचाऱ्या साहाय्यकांकडे प्रत्येक जर्नलला किती मिनिटं असतील, याचा हिशोब मात्र कुणीही करू शकतं.

म्हणून माझं मत असं झालंय की विद्यापीठ निवडताना सगळ्यात आधी हे विचारावं: मुलाने चूक केली तर ती त्याला किती दिवसांत दाखवली जाते? चार दिवस आणि सहा आठवडे यांत दोन विद्यापीठांचा निम्मा फरक मावतो. सहा आठवड्यांनी तुम्ही तो प्रयोग विसरलेले असता, चूक तशीच हाडात मुरलेली असते.

याला माझ्या अनुभवाबाहेरचाही आधार आहे. विज्ञान, इंजिनिअरिंग आणि गणिताच्या वर्गांवर झालेल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला होता. नुसती व्याख्यानं ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के, आणि जिथे मुलं वर्गातच प्रश्न सोडवतात, चर्चा करतात, तिथे २१.८ टक्के. डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाने तर १९७४ मध्ये स्थापनेपासूनच सगळं शिक्षण गटांनी केलेल्या प्रकल्पांभोवती बांधलं. म्हणजे माझ्या लहान विद्यापीठात जे चाललं होतं ते काही जगावेगळं नव्हतं. पाहणाऱ्याला ते यादीत दिसत नाही, एवढंच.

यादीबद्दल थोडं स्पष्ट बोलते, कारण मी तिच्यावरच भुलले. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या यादीत २०२४ च्या आवृत्तीपासून ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या प्रतिष्ठेला आहे, १५ टक्के कंपन्यांमधल्या प्रतिष्ठेला, २० टक्के शोधनिबंधांना मिळालेल्या संदर्भांना. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या प्रमाणाला आधी २० टक्के होतं, ते १० वर आलं. विद्यापीठांची दुसरी प्रसिद्ध यादी, शांघायची, २००३ पासून निघते. तिच्यात ३० टक्के वजन नोबेल पारितोषिकं आणि गणितातली फील्ड्स पदकं मिळवणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना आहे, आणखी २० टक्के ‘नेचर’ आणि ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकांमधल्या निबंधांना. संशोधन मोजायला या याद्या ठीक आहेत. पंपाच्या संचाभोवती किती मुलं उभी राहतात याचा एकही रकाना तिथे नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते यासाठी. संशोधनात जायचं असेल, पीएचडी डोक्यात असेल, तर मात्र यादी आणि मोठ्या प्रयोगशाळा महत्त्वाच्या आहेतच, आणि तशा मुलाला मी आजही डोळे मिटून मोठ्याकडेच पाठवीन.

मान्यतेचं मात्र नीट बघा, कारण इथे फसगत होते. इंजिनिअरिंगची मान्यता साधारणपणे विद्यापीठाला नसते, त्या-त्या ब्रँचच्या अभ्यासक्रमाला असते. १९८९ मध्ये सहा देशांच्या मान्यता देणाऱ्या संस्थांनी वॉशिंग्टन करार केला, नंतर त्यात बरेच देश आले. या कराराखाली एका सदस्य देशातला मान्यताप्राप्त अभ्यासक्रम दुसऱ्या सदस्य देशात बरोबरीचा धरला जातो. नवी ब्रँच असेल तर ती सहसा लगेच मान्य होत नाही, एखादी तरी बॅच पदवी घेऊन बाहेर पडावी लागते. माझ्या लहान विद्यापीठात मेकॅनिकलला मान्यता होती, नव्याने सुरू झालेल्या रोबोटिक्सला नव्हती. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर ‘मान्यताप्राप्त’ हा एकच शब्द होता. रोबोटिक्सच्या मुलांना हे दुसऱ्या वर्षी कळलं आणि त्यांचा संताप मी जवळून पाहिलाय. तो संताप रास्त होता, आणि यासाठी मी लहान विद्यापीठाला माफ करायला तयार नाही.

लहानाबद्दलच्या बाकीच्या तक्रारीही सांगून टाकते. माहितीपत्रकात अठरा इलेक्टिव्ह होते, माझ्या वर्षी प्रत्यक्षात सहा चालले. मला टर्बोमशिनरी (टर्बाइन, पंप अशा फिरत्या यंत्रांचा विषय) हवी होती, ती एक वर्षाआड शिकवायचे आणि माझं वर्ष आड गेलं. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचे परवाने इतके कमी की प्रोजेक्टच्या दिवसांत आम्ही पहाटे पाचला उठून संगणक धरायचो. गणिताचे शिक्षक मन लावून शिकवायचे, पण फार पुढे न्यायचे नाहीत. पाया आधीच मोठ्या विद्यापीठात झालेला असल्यामुळे मी तरले. तिथेच पहिल्यापासून असणाऱ्या माझ्या मैत्रिणीला पुढे मास्टर्सला त्याचा त्रास झाला, हे तिनेच मला सांगितलंय.

आणि तरी वर्कशॉप! पहिल्याच आठवड्यात मला लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) उभं केलं, कारण मोठ्या विद्यापीठातला माझा वर्कशॉपचा अनुभव म्हणजे कारागिराने केलेलं टर्निंग बघणं. फेसिंग, म्हणजे तोंडाची बाजू सपाट कापणं, करताना माझ्या जॉबच्या (कापायच्या तुकड्याच्या) बरोबर मध्यभागी एक बारीक टोक उरत होतं. तीनदा पास घेतला, टोक तिथेच. वर्कशॉपचे मामा, सगळे त्यांना मामाच म्हणायचे, येऊन बघून गेले आणि काहीच बोलले नाहीत. दहा मिनिटांनी परत आले आणि म्हणाले, ‘बाळा, कापणाऱ्या टूलचं टोक आणि जॉबचा मध्य एका उंचीवर आहेत का बघ.’ नव्हते. टूल किंचित खाली बसलं होतं. खाली पातळ पट्टी सरकवली, पुन्हा पास घेतला, आणि तो पृष्ठभाग आरशासारखा सपाट आला. ती दहा मिनिटं चूक माझी मला शोधू देणं, हे शिकवणं मला फार मोलाचं वाटतं. आज एखादं ड्रॉइंग माझ्यापुढे येतं तेव्हा हा भाग बनवणारा माणूस टूल कुठून घालणार, हा विचार आपोआप येतो. तो त्या टोकामुळे येतो.

लहान विद्यापीठात सहा महिने कारखान्यात काम करणं सक्तीचं होतं. ही पद्धत जुनी आहे, सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये ती सुरू केली, आणि कॅनडातलं वॉटर्लू विद्यापीठ १९५७ पासून तिच्यावरच उभं आहे. मला या सहा महिन्यांचा फायदा झाला. पण तो जागा शोधून देणाऱ्या माणसावर अवलंबून असतो. माझ्या वर्गातल्या दोघांनी ते सहा महिने फायली लावण्यात घालवले. तेव्हा ‘सक्तीची इंटर्नशिप’ एवढं वाचून थांबू नका. मागच्या वर्षीची मुलं कुठे गेली होती आणि तिथे त्यांनी काय केलं, ते विचारा.

प्लेसमेंटच्या आकड्यांचंही तेच. मोठ्या विद्यापीठाने सांगितलेला सरासरी पगार डोळे दिपवणारा होता. पण सरासरी दोन-चार मोठ्या पगारांनी वर ओढली जाते. मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर बरोबर मधला कोणता. आणि टक्केवारी कशाची हे विचारा. पदवी घेणाऱ्या सगळ्यांची, की प्लेसमेंटसाठी नावनोंदणी केलेल्यांचीच? त्यातले किती जण त्यांच्या ब्रँचच्या कामाला लागले? मी मोठ्या विद्यापीठाच्या कार्यालयात हे तीन प्रश्न विचारले तेव्हा मला एक रंगीत पत्रक दिलं. लहानातल्या बाईंनी वही उघडून दाखवली. आकडे काही फार भारी नव्हते, पण माझ्या समोर होते.

बघायला जाल तेव्हा खुल्या दिवसाला जाऊ नका. त्या दिवशी सगळी यंत्रं पुसलेली असतात आणि फिरवणारी मुलं निवडून उभी केलेली असतात. साध्या कामाच्या दिवशी दुपारी जा. प्रॅक्टिकल चालू असेल तर दारात उभं राहून मोजा, यंत्राला किती हात लागलेत आणि किती जण लिहून घेतायत. लेथच्या खालचा ट्रे बघा. त्यात आजचा चकचकीत कीस असेल तर यंत्र चालतंय, गंज धरलेला असेल तर ते दाखवायला ठेवलंय. तिसऱ्या वर्षाचं एखादं मूल एकटं गाठा आणि ‘कॉलेज कसं आहे?’ असं विचारण्याऐवजी ‘मागच्या आठवड्यात स्वतःच्या हाताने काय केलंस?’ असं विचारा. मोठ्या विद्यापीठात मला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर पहिल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच आठवड्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या धाकट्या भावाने याच प्रश्नावर स्वतःचं विद्यापीठ ठरवलं. गंमत म्हणजे त्याने निवडलेलं विद्यापीठ आकाराने मोठंच आहे. तिथे चारशे मुलांना वीस-वीसच्या गटांत पाडून प्रत्येक गटाला वेगळी शिक्षिका किंवा शिक्षक दिलेत. म्हणजे मोठं असूनही हे जमतं. माझ्या मोठ्या विद्यापीठाने ते जमवायचं मनावर घेतलं नव्हतं.

गुणच द्यायचे तर मोठ्याला थिअरी, ग्रंथालय आणि सोबतीसाठी पाचपैकी पाच, प्रॅक्टिकल आणि तपासणीसाठी दीड. लहानाला प्रॅक्टिकल आणि शिक्षकांच्या लक्षासाठी पाच, इलेक्टिव्ह आणि सोयींसाठी दोन, आणि रोबोटिक्सच्या मुलांना अंधारात ठेवल्याबद्दल शून्य.

राहता राहिलं माझं अर्धं वर्ष. एकीकडून दुसरीकडे जाणं जमतं, पण सगळे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे मोजलेले गुणांक, सोबत येत नाहीत. मी चार सेमिस्टरचं काम घेऊन गेले, साधारण तीन सेमिस्टरचं धरलं गेलं. मोठ्या विद्यापीठाने स्टॅटिक्स आणि डायनॅमिक्स (स्थिर आणि हलत्या वस्तूंवरच्या बलांचे विषय) एकाच विषयात शिकवलं होतं, लहानात ते दोन वेगळे विषय होते, म्हणून एक पुन्हा करावा लागला. आकड्यांवरही जाऊ नका, क्रेडिटची मापं जागोजाग वेगळी असतात. युरोपातल्या पद्धतीत वर्षाचे ६० क्रेडिट असतात आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, अमेरिकेत वर्षाचे साधारण ३० होतात. विषयाचे तास आणि धडे काय होते यावर सगळं ठरतं. माझा थर्मोडायनॅमिक्सचा विषय वाचला, कारण पहिल्या वर्षी वाटलेला आठवड्यागणिक अभ्यासक्रमाचा कागद मी जपून ठेवला होता. मटेरिअल्सचा कागद मी फेकून दिला होता, तो विषय गेला. प्रवेश कुठेही घ्या, पहिल्या दिवसापासून प्रत्येक विषयाचा तो कागद एका फायलीत लावत जा. आणि प्रवेश घ्यायच्या आधीच दोन्ही विद्यापीठांना, बाहेरून येणाऱ्यांचे कोणते विषय धरता, असं विचारून उत्तर लेखी घ्या.